चार डेसिबलची तफावत

१

बुधवारी सकाळी आठ वाजता गोकुळ असवलेनं प्रयोगशाळेतल्या शांत खोलीचं जाड दार ओढलं, तेव्हा प्राध्यापक भरत वायाळ आत खुर्चीत बसलेले होते. डोळे मिटलेले, चष्मा मांडीवर. गोकुळ तिथला तंत्रज्ञ. त्यानं दोनदा "सर" म्हणून हाक मारली. त्या खोलीच्या भिंतींना, छताला आणि जमिनीवरच्या जाळीखालीही फोमचे टोकदार ठोकळे बसवलेले आहेत. तिथं मारलेली हाक तोंडासमोरच विरून जाते.

"बाई, मला वाटलं माझाच आवाज बसलाय," गोकुळ मला नंतर म्हणाला. "म्हणून सर उठंनात."

डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. सर सत्तावन्न वर्षांचे होते, त्यांना पूर्वी एक झटका येऊन गेला होता आणि मृत्यूबद्दल कुणाला शंका नव्हती. शंका होती ती त्यांच्या टेबलावर सापडलेल्या कागदाबद्दल. प्राचार्यांच्या नावानं चार ओळी होत्या.

"अकरा सप्टेंबरची आवाजाची नोंद खोटी आहे. ती मी तयार केली. माझ्या विद्यार्थ्यांचा किंवा सहकाऱ्यांचा त्यात काही संबंध नाही. होईल ती कारवाई मला मान्य आहे."

खाली सही होती. अक्षर त्यांचंच होतं.

दोनच दिवस आधी, सोमवारी, बेंगळुरूच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं. विमानाच्या इंजिनातल्या पंख्याचा आवाज आधीच गणितानं सांगता यावा, यासाठी ही कंपनी वायाळ सरांबरोबर काम करत होती. सरांच्या चाचणीतला आवाज आणि त्यांचं गणित अगदी तंतोतंत जुळलं होतं. कंपनीनं मात्र तशाच पंख्यावर स्वतः चाचणी घेतली, तर आवाज चार डेसिबलनं जास्त निघाला. तुमच्या सप्टेंबरच्या मूळ नोंदी दाखवा, असं त्या पत्रात होतं.

घोडेगाव रस्त्यावरच्या त्या खासगी संस्थेनं चौकशीसाठी मला बोलावलं. मी शीला बाणखेले. तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आणि त्यातली बावीस वर्षं परीक्षांमधल्या गैरप्रकारांच्या चौकश्या केल्या.

"कबुलीजबाब आहेच," प्राचार्य म्हणाले. "तुम्ही फक्त अहवालावर सही करा."

मी करणारही होते. पण बाहेर पडले तर व्हरांड्यात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर कापडी पिशवी.

"मी हौशीराम वायाळ. भरतचा बाप," ते म्हणाले. "त्यानं चोरी केली का, तेवढं मला सांगा. केली आसंल तर केली म्हणा. पर बघून सांगा."

२

आवाजाचं मला काही कळत नव्हतं. ते मला हर्षाली भोरनं समजावलं. हर्षाली सरांची संशोधक विद्यार्थिनी, मंचरची. गणिताचा सगळा प्रोग्राम तिनंच लिहिलेला. डोळे सुजलेले होते, तरी ती नीट बसून बोलली.

"टर्बोफॅन इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा असतो, मॅडम. त्याचा आवाज दोन तऱ्हेचा. एक शिट्टीसारखा, ठरावीक सुराचा. तो कमी कसा करायचा ते आता बरंचसं माहीत आहे. दुसरा नुसता घोंघावणारा, सगळ्या सुरांची सरमिसळ. डिंभे धरणाच्या सांडव्यातून पाणी सुटतं ना, तसा. त्याला ब्रॉडबँड म्हणतात."

"तो कशामुळे होतो?"

"फिरत्या पात्यांच्या मागे हवा फाटते, घुसळते. ती घुसळलेली हवा मागच्या स्थिर पात्यांवर आदळते. प्रत्येक आदळणं वेगळं. म्हणून नेमका आवाज कधीच सांगता येत नाही, फक्त सरासरी किती ते सांगता येतं. सर तेच करत होते. तेरा वर्षं."

शेजारच्या दालनात हातभर व्यासाचा छोटा पंखा एका नळकांड्यात बसवलेला होता. सप्टेंबरात चार दिवस चाचणी झाली. नऊ आणि दहा तारखेला कमी वेगानं, अकरा आणि बाराला पूर्ण वेगानं. दहाच्या संध्याकाळीच सर बेंगळुरूला गेले होते. शेवटचे दोन दिवस चाचणीची जबाबदारी हर्षालीवर होती.

"सर परत आल्यावर त्यांनी नोंद बदलली असेल?"

"नाही," ती म्हणाली. "सर दोन-दोन दिवसांच्या नोंदी बदलतील, हे मला पटत नाही. पण पत्र त्यांचंच आहे."

तिनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. मी वही मिटली.

"त्यांचं कुणाशी वाकडं होतं?"

तिनं दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "हिंगे सरांना विचारा, कंपनीला शंका आली कशी."

३

डॉक्टर समर्थ हिंगे वायाळ सरांपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याच विभागात होते. सरांनंतर प्रयोगशाळा त्यांच्याकडे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी सरांनी त्यांचा एक शोधनिबंध, आकडे अपुरे आहेत म्हणून, थांबवला होता. त्यावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं.

मी सरळ विचारलं. त्यांनीही सरळ उत्तर दिलं.

"हो. कंपनीतला एक जण माझा वर्गमित्र आहे. मीच त्याला सांगितलं, तुमच्याकडं पुन्हा मोजून बघा."

"का?"

"निकाल फार चांगले होते म्हणून. इतकं जुळत नाही हो कुणाचं." ते खिडकीकडे वळले. "मनात खोट नव्हती असं म्हणणार नाही. सर एकदा तरी मान खाली घालतील, असं वाटलं होतं. हे असं होईल असं वाटलं नव्हतं."

"नोंदी तुम्हाला बदलता आल्या असत्या?"

"आल्या असत्या. संगणक सामायिक आहे. मला, हर्षालीला, सरांना, तिघांनाही. पण बदलायच्या असत्या तर मी बिघडवल्या असत्या. जुळवून कशाला देऊ?"

ते खरं होतं. सरांचा वैरी त्यांचा निकाल सुधारून ठेवणार नाही. पण मग ज्याला सरांचं भलं हवं होतं, असाच कुणीतरी उरत होता. मला ते आवडलं नाही.

निघताना हिंगे म्हणाले, "गोकुळला भेटलात का? मंगळवारी दुपारी सर त्याच्याकडं बराच वेळ बसले होते. तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं."

४

गोकुळ असवले आहुप्याचा. आयटीआय करून इथं लागला, त्याला अकरा वर्षं झाली होती. माझ्यासाठी त्यानं स्टूल पुसलं आणि स्वतः उभाच राहिला.

"मंगळवारी सरांनी माझं रजिस्टर मागितलं. यंत्र कधी चालू केलं, कधी बंद केलं, ते मी लिवतो. बाकी काय नाय."

"मलाही दाखवा."

जाड रजिस्टर होतं, शाईच्या पेनानं लिहिलेलं. मी अकरा सप्टेंबरचं पान काढलं. त्यावर एकच ओळ होती. "गुरुवार. लाईट नाही. जनरेटरचा पट्टा तुटला. पंखा बंद."

मी ती ओळ तीनदा वाचली.

"म्हणजे अकरा तारखेला पंखा फिरलाच नाही?"

"नाय बाई. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट बंद असती हिकडं. जनरेटर लावाया गेलो तर पट्टा तुटला. दिवसभर आमी बसूनच व्हतो. हर्षालीताई दोनदा नारायणगावला फोन लावून बसल्या, पट्टा मिळतो का म्हणून. मिळाला तो दुसऱ्या दिशी."

"आणि अहवालात अकरा तारखेची नोंद आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"अहवाल मला कोण दाखवणार?"

"सर काय म्हणाले?"

गोकुळनं रजिस्टर हातात घेतलं, उगाच त्याची कड सरळ केली. "काय नाय म्हणाले. लई वेळ पान बघत बसले. मग म्हणाले, गोकुळ, हे तू लिवलेलं बरोबर हाय ना? मी म्हणलं, व्हय सर. मग म्हणाले, तिला बोलू नको काय."

"तिला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. आपण काय बोलून गेलो, ते त्याला तेव्हा कळलं.

५

ती रात्र मी त्याच विचारात काढली असं म्हणत नाही. मी झोपले. पण सकाळी चहा घेताना निकालाचा तक्ता पुढ्यात होता आणि तीस वर्षांच्या सवयीनं डोळे आकड्यांवरून फिरले.

नऊ आणि दहा तारखेला एकाच वेगावर मोजलेल्या आवाजात शून्य दशांश तीनचा फरक होता. तसा असायलाच हवा. तीच परीक्षा तीच मुलं दुसऱ्यांदा देतील, तरी सरासरी थोडी सरकतेच. पण अकरा आणि बारा तारखेचे आकडे जसेच्या तसे होते. मूळ फाइलमध्ये दशांशानंतर चार घरांपर्यंत सारखे. अहवालात याचं कौतुक केलेलं होतं, चाचणी किती काटेकोर होती म्हणून.

मी हिंगेंकडे गेले. "या दोन दिवसांच्या नोंदी एकावर एक ठेवून दाखवाल?"

त्यांनी पडद्यावर एक निळी रेघ काढली, अकराची. मग तिच्यावर लाल, बाराची. निळी दिसेनाशी झाली. त्यांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. सेकंदाचा हजारावा भाग पडदाभर पसरला तरी दोन रेघा होत्याच कुठे?

हिंगेंनी हात कळफलकावरून उचलले.

"हे शक्यच नाही," ते हळूच म्हणाले. "असा आवाज दोनदा सारखा येतच नाही."

"मग हा कुठून आला?"

"प्रोग्राममधून. हर्षालीनं त्यात एक सोय केली होती. गणितातून आवाज बनवून पाहुण्यांना ऐकवायची. संगणकाला कसाही आवाज काढ म्हटलं तरी तो एका ठरलेल्या आकड्यापासून सुरुवात करतो. तो आकडा बदलला नाही, तर दर वेळी तोच आवाज निघतो."

म्हणजे नोंदी मोजलेल्या नव्हत्याच, गणितानं स्वतःच तयार केलेल्या होत्या. त्या गणिताशी जुळल्या यात नवल काय? आणि खोटी नोंद एक नव्हती, दोन होत्या. सरांनी मात्र पत्रात एकच लिहिली होती. ज्यानं खोटं केलं, त्याला दोन्ही ठाऊक असणार. सरांना एकच ठाऊक होती, ती गोकुळच्या रजिस्टरातून कळलेली. बारा तारखेला पंखा फिरला होता, म्हणून ती नोंद खरीच आहे असं ते समजले, दोन्ही ताडून बघितल्या नाहीत. त्यांनी न केलेल्या गोष्टीची कबुली दिली होती, आणि ती अपुरी दिली होती.

एकच माणूस माझ्याशी पहिल्याच दिवशी "दोन-दोन दिवसांच्या नोंदी" म्हणाला होता.

एक प्रश्न उरला. पट्टा बारा तारखेला मिळाला, पंखा फिरला, तर मग खरी नोंद गेली कुठे? मी पुन्हा गोकुळकडे गेले.

"कार्डं हायेत की," तो म्हणाला आणि त्यानं कपाटातून प्लॅस्टिकचा डबा काढला. आवाज आधी यंत्रातल्या छोट्या कार्डावर उतरतो, मग संगणकावर जातो. "सर म्हणायचे, कार्ड पुसायचं न्हाई, नवं घ्यायचं. म्हणून मी तारीख घालून ठेवतो. कुणी मागत नाय कधी."

नऊ, दहा. अकराचं नव्हतं. मग बारा.

हिंगेंनी ते कार्ड लावलं. पूर्ण वेगातला खरा आवाज गणितापेक्षा चार दशांश एक डेसिबलनं जास्त होता. कंपनीला मिळाला तितकाच.

६

हर्षालीला भेटण्याआधी मी सरांच्या गावी, वारुळवाडीला गेले. हौशीरामबाबांनी ती कापडी पिशवी माझ्यासमोर ठेवली. "त्याच्या वह्या हायेत. मला वाचता येतं, पर हे समजत न्हाई."

वह्या सात होत्या. पाचव्या वहीत, सहा वर्षांपूर्वीच्या तारखेखाली, सरांनी मराठीत लिहिलं होतं: "पात्याचं टोक आणि नळकांड्याची भिंत यांच्यामध्ये फट असते. आपल्या गणितात ती धरलेली नाही, कुणीच नीट धरत नाही. माझी शंका अशी, की पूर्ण वेगात त्या फटीतून निसटणारी हवाच पुष्कळ आवाज करते. तसं असेल तर मोजलेला आवाज गणितापेक्षा तीन ते पाच डेसिबल जास्त यायला हवा. तसा आला नाही, तर मी चूक."

त्याखाली आणखी एक ओळ होती. "मुलांना हे सांगायचं नाही. मला काय हवंय ते कळलं, की ती मोजणार नाहीत, मला खूश करतील."

ते पान घेऊन मी संस्थेत आले. दुपारची वेळ होती. हर्षाली कार्यशाळेच्या मागच्या पायरीवर एकटी बसली होती. मी शेजारी बसले.

"पहिल्या दिवशी तू दोन दिवसांच्या नोंदी म्हणालीस. पत्रात एकाच दिवसाची होती."

तिनं नाकारलं नाही. नाकारेल असं मला वाटलंही नव्हतं.

"अकराला संध्याकाळी सरांची बैठक होती तिकडं," ती म्हणाली. "त्यांचा फोन आला, आकडे पाठव. लाईट नाही, पट्टा नाही, हे मला सांगताच येईना. पहिल्यांदाच त्यांनी सगळं माझ्यावर सोपवलं होतं. म्हटलं, आज गणितातला आवाज पाठवू, उद्या खरी नोंद घेऊन बदलून टाकू. कमी वेगात गणित जुळलंच होतं."

"आणि उद्या?"

"उद्या खरी नोंद चारनं जास्त आली. मॅडम, मी पाच वेळा तपासली. सरांनी तोपर्यंत सगळ्यांना पडद्यावर दाखवलं होतं, बघा किती जुळतंय. खरी ठेवली असती तर अकराची उघडी पडली असती. आणि सरांची तेरा वर्षं..." ती थांबली. "मला वाटलं, त्यांचं गणित चुकलंय आणि ते फक्त मला माहीत आहे. मी ते झाकलं."

मी तिच्या हातात वहीचं पान दिलं.

तिनं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं आणि तिथंच राहिलं. रडली नाही. तिचा चेहरा मात्र असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

"त्यांना हेच हवं होतं," ती म्हणाली. "मी आणून दिलं असतं तर..."

"हो."

"मंगळवारी संध्याकाळी भेटले होते. त्यांना कळलेलं होतं का तेव्हा?"

"अकराचं कळलं होतं."

"मला म्हणाले, हर्षाली, प्रबंधाचं तिसरं प्रकरण चांगलं झालंय, चौथं सावकाश लिही. एवढंच म्हणाले."

७

माझा अहवाल सहा पानांचा झाला. हर्षालीनं स्वतःचा जबाब स्वतः लिहिला आणि त्यात काही लपवलं नाही. तिची नोंदणी रद्द होणार, हे तिला सांगायची गरज पडली नाही. हिंगेंनी बारा तारखेची खरी नोंद आणि सरांच्या वहीतलं पान कंपनीला पाठवलं. उत्तर आलं की पुढचं काम त्या फटीवर करू आणि ते वायाळांच्या नावानं होईल.

अहवाल द्यायच्या आधी मी वारुळवाडीला गेले. हर्षाली म्हणाली, मीही येते. मी तिला नको म्हटलं नाही.

हौशीरामबाबा अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. हर्षाली उभी होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, ते मी केलं."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. रस्त्यावरून टोमॅटोचे क्रेट भरलेला टेम्पो गेला.

"म्हंजी त्यानं चोरी केली न्हाई," ते म्हणाले.

"नाही."

"पर पत्रात खोटं लिवलं."

"हो. तुम्ही म्हणाल तर त्या पत्राबद्दल मी थोडक्यात लिहीन."

"नगं. हाय तसं लिवा." त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. मग मला विचारलं, "त्याचं बरोबर व्हतं, हे त्याला कळलं व्हतं का? जायच्या आधी?"

बावीस वर्षांत मला खोटं बोलावंसं एकदाच वाटलं, ते त्या अंगणात. हो म्हटलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं?

"नाही," मी म्हणाले. "कंपनीचा आकडा होता, पण आपली खरी नोंद त्यांनी बघितलीच नाही. त्यांना कळलं नाही."

त्यांनी मान हलवली. डोळे भरले होते, पण ते पुसायला हात उचलला नाही. थोड्या वेळानं त्यांनी हर्षालीला बाजेच्या पायाशी बसायची खूण केली.

"त्याला जे सांगायचं व्हतं, ते मला सांग," ते म्हणाले. "काय निघालं ते. सावकाश सांग, मला कळंल आसं."

ती खाली बसली. मग तिनं धुळीत बोटानं एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या आत पाती काढली. हवा कुठून येते, कशी घुसळते, पात्याच्या टोकाशी भिंतीला लागून कशी निसटते, ते सांगत गेली. सांगताना मध्येच थांबायची, पुन्हा सुरुवात करायची. ते वाकून बघत होते. एकदाही त्यांनी मध्ये तोडलं नाही.

तिचं सांगून झाल्यावर त्यांनी वर्तुळाच्या कडेला बोट ठेवलं.

"फट केवढी म्हणालीस?"

"एक मिलिमीटर, बाबा."

"येवढीशीच," ते म्हणाले, आणि बोट तिथून काढलं नाही.